केबल सोडून : कराडच्या घरातल्या प्रकल्प नोंदी

१८ जानेवारी २०२५, शनिवार

केबलच्या पावत्या काढून हिशेबाला बसले. आमच्याकडे दोन टीव्ही. हॉलमध्ये ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणि मामांच्या खोलीत जुना २४ इंची एलईडी, ज्याचा इंटरनेटशी काही संबंध नाही. (मामा म्हणजे माझे सासरे आणि आत्या म्हणजे सासूबाई. नोंदींत हेच शब्द येतील.) दोन्ही बॉक्स मिळून महिन्याला सहाशेच्या वर जातात. त्यात पहिल्या बॉक्सची नेटवर्क कपॅसिटी फी १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. एकही पे चॅनल घेतलं नाही तरी एवढे द्यायचेच. फेब्रुवारी २०१९ पासून ट्रायची (दूरसंचार नियामक प्राधिकरणाची) नवी दरपद्धत लागू झाली, तेव्हा ग्राहकाने हवं तेवढंच सुटं घ्यावं अशी कल्पना होती. पण सुट्या चॅनलचे भाव बघितले की पॅकच परवडतो, आणि पॅकबरोबर कधी न उघडलेली चॅनलं येतात.

मग कोण काय बघतं ते वहीत लिहिलं. मामा: सह्याद्रीच्या सातच्या बातम्या, एखादं मराठी न्यूज चॅनल, क्रिकेट. आत्या: संध्याकाळच्या मालिका, काही स्टार प्रवाहच्या, काही झी मराठीच्या, आणि सकाळी कीर्तन-भजन. लेक: कार्टून आणि यूट्यूब. आम्ही दोघं: रात्री जेवणं उरकल्यावर एखादा सिनेमा. सगळं मिळून डझनभर चॅनलं भरतात.

पैसे वाचवणं हे कारण आहेच. पण केबल काढली आणि मामांना बातम्या लावायला दर वेळी मला हाक मारावी लागली, तर त्या बचतीला अर्थ नाही. म्हणून वहीच्या पहिल्या पानावर अट लिहून ठेवली: मामा आणि आत्या, दोघांनाही कुणाला न विचारता आपापला कार्यक्रम लावता आला पाहिजे. हे जमत नसेल तर केबल चालू राहील.

१९ जानेवारी, रविवार

गच्चीवरचा जुना अँटेना वापरता येईल का, असं मामांनी विचारलं. त्यांच्या दृष्टीने तो अजून शाबूत आहे, नुसती वायर बदलायची. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला दिसू लागलं, हे त्यांना आजही तारखेसह पाठ आहे. पण दूरदर्शनने जमिनीवरचे ॲनालॉग मनोरे टप्प्याटप्प्याने बंद केले आणि २०२१-२२ पर्यंत जवळजवळ सगळे थांबले. काही मोठ्या शहरांत डिजिटल मनोरे उभे राहिले, त्यांत कराड नाही. त्यामुळे अँटेना काढायचा आणि त्याच पाइपावर डिश बसवायची असं ठरलं. पाइप जाड, भिंतीत पक्का रोवलेला. असा पाइप आज नव्याने रोवायला गवंडी बोलवावा लागला असता.

२० जानेवारी

डीडी फ्री डिशची माहिती गोळा केली. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेली ही दूरदर्शनची सेवा. महिन्याचं भाडं नाही, रिचार्ज नाही, नाव नोंदवायचं नाही. एकदा डिश आणि बॉक्स घेतला की झालं. सिग्नल येतो जीसॅट-१५ या उपग्रहावरून. हा नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या माथ्यावर स्थिर आहे.

दूरदर्शनच्या स्वतःच्या वाहिन्या तर आहेतच. खासगी वाहिन्या ई-लिलावात पैसे भरून जागा घेतात आणि जाहिरातींवर चालतात. "फक्त मराठी", "शेमारू मराठीबाणा" अशी चॅनलं या वाटेने फ्री डिशवर आलेली आहेत. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी मात्र इथे मिळत नाहीत, ती पे चॅनलं आहेत. म्हणजे मामांची गरज डिशवर भागेल, आत्यांची ॲपवर भागवावी लागेल. प्रकल्पाचे आपोआप दोन भाग पडले.

बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) वालाच घ्यायचा. दुकानात जुना एमपीईजी-२ बॉक्स दोन-तीनशेने स्वस्त मिळतो, पण त्यावर काही चॅनलं दिसतच नाहीत.

२५ जानेवारी, शनिवार

आज डिश लागली. सामान: ६० सेंटिमीटरची थाळी, दोन तोंडांची एलएनबी (थाळीसमोर बसून सिग्नल पकडणारा भाग; दोन तोंडं, म्हणजे दोन टीव्हींना दोन स्वतंत्र वायरी देता याव्यात म्हणून), आरजी-६ वायर, कनेक्टर, मामांच्या टीव्हीसाठी एक बॉक्स. सगळं मिळून बावीसशेच्या आसपास. हॉलच्या टीव्हीला बॉक्स घेतला नाही. मागे बघितलं तर केबलच्या पिनेशेजारी आटे असलेली दुसरी पिन आहे आणि मेनूत "सॅटेलाइट" लिहिलेलं आहे, म्हणजे ट्यूनर आतच आहे. उपग्रहाचा ट्यूनर आत असलेल्या टीव्हींसाठी भारतीय मानक ब्यूरोने आयएस १८११२ हे मानकही काढलंय. ज्यांच्याकडे अलीकडचा टीव्ही असेल त्यांनी बॉक्स घेण्याआधी मागची बाजू जरूर बघावी.

डिश लावणारा मिस्त्री यायला तयार होता, पण मला हे स्वतः शिकायचं होतं. पुढे वाऱ्याने थाळी हलली तर त्याची वाट बघत बसायचं नाही.

कराडहून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने साधारण १३० अंशांवर. क्षितिजापासून उंची जवळजवळ ६० अंश. इतक्या उंचीमुळे समोरच्या घराची टाकी आणि नारळ दोन्ही आड येत नाहीत. मोबाइलमधलं होकायंत्र पाण्याच्या लोखंडी स्टँडजवळ भलतंच दाखवतं, म्हणून गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात जाऊन दिशा घेतली आणि कठड्यावर खडूने रेघ मारली. गल्लीत आणखी दोन घरांवर फ्री डिश आहे, त्यांच्या थाळ्यांचं तोंड रेघेशी जुळतंय हेही बघून घेतलं.

थाळी ऑफसेट प्रकारची असते हे लक्षात ठेवावं लागतं. एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला पुढे येते, त्यामुळे थाळी डोळ्यांना दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. आकाशात ६० अंशांवर नेम हवा असेल तर पत्रा जेमतेम ३५ अंश मागे कललेला दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं ही समोरच्यांच्या खिडकीकडेच बघतेय.

बॉक्सवर दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थवर विसंबू नये. एलएनबीला वायर जोडली की आकाशात कुठेही तोंड असलं तरी ती पट्टी भरते. खरी पट्टी क्वालिटीची, उपग्रह सापडल्याशिवाय ती हलत नाही. बॉक्समध्ये एलएनबी "युनिव्हर्सल", म्हणजे ९७५०/१०६००, ठेवली. लेक खाली मामांच्या खोलीत टीव्हीसमोर आणि मी वर, फोन स्पीकरवर. बोल्ट अर्धवट सैल ठेवून थाळी नखभर डावीकडे, थांब, नखभर उजवीकडे, थांब. थांबणं महत्त्वाचं आहे, कारण बॉक्सला आकडा दाखवायला दोन-तीन सेकंद लागतात. माणूस घाईने थाळी फिरवत राहिला तर उपग्रह समोरून निघून जातो आणि पट्टी शून्यावरच राहते.

"आई, आला! बेचाळीस!"

तो मात्र शेजारचा उपग्रह होता. ९५ अंशांवर, म्हणजे अवघ्या दीड अंशावर, खासगी डीटीएचचा उपग्रह आहे. स्कॅन केल्यावर सगळी चॅनलं कुलूपबंद आली की समजायचं, घर चुकलंय. तिथून अगदी किंचित पश्चिमेकडे, म्हणजे दक्षिणेच्या बाजूला सरकवली आणि फ्री डिश मिळाली. मग एलएनबी तिच्या पकडीत हळूहळू फिरवली. त्या फिरवण्यानेच क्वालिटी आणखी वीसेक आकड्यांनी चढली. बहुतेक लोक एलएनबी सरळ बसवून मोकळे होतात. उन्हाळ्यात त्याने काही बिघडत नाही, पण पावसाळ्यात हेच वीस आकडे कामाला येणार आहेत.

बोल्ट आवळतानाही थाळी सरकते. आधी एक बाजू थोडी, मग दुसरी थोडी, आणि खालून आकडा ऐकत राहायचं.

२६ जानेवारी, रविवार

मामांनी दिल्लीचं संचलन डीडी नॅशनलवर आपल्या खोलीत पूर्ण बघितलं. हॉलच्या टीव्हीवरही तेच लावून ठेवलं होतं, दोन्ही वायरी एकाच वेळी नीट चालताहेत हे तपासायला. चालल्या.

मामांच्या टीव्हीच्या दोन रिमोटचा प्रश्न आज सोडवला. टीव्ही आणि बॉक्स एकाच बोर्डावर घेतले, बॉक्समध्ये "लाइट आली की आपोआप सुरू" ही सेटिंग केली आणि टीव्हीला शेवटचा सोर्स लक्षात ठेवायला सांगितलं. आता भिंतीवरचं एक बटण दाबलं की शेवटी बघितलेलं चॅनल लागतं. टीव्हीचा रिमोट कपाटात गेला. बॉक्सच्या रिमोटवर नको त्या बटणांवर चिकटपट्टी लावली, आकडे, आवाज आणि चॅनल वर-खाली एवढंच उघडं. खाटेशेजारी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत चॅनलं आणि त्यांचे क्रमांक लिहून टांगले, सगळ्यात वर सह्याद्री.

२ फेब्रुवारी, रविवार

वानखेडेवर इंग्लंडविरुद्धची शेवटची टी-२०. शुक्रवारची गहुंजेची मॅच मामांनी केबलवर बघितली होती, कारण फ्री डिशवर क्रिकेट दिसतं यावर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आज डीडी स्पोर्ट्स लावून दिलं. अभिषेक शर्माने ५४ चेंडूंत १३५ केल्या, इंग्लंडचा डाव ९७ वर आटोपला आणि मामा खुर्चीवरून उठले नाहीत.

हे फुकट का दिसतं ते त्यांना समजावून सांगितलं, इथेही लिहून ठेवते, कारण फार थोड्यांना माहीत असतं. २००७ चा कायदा आहे: राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचं प्रक्षेपण, हक्क कुणाकडेही असले तरी, प्रसार भारतीला, म्हणजे दूरदर्शन चालवणाऱ्या संस्थेला, द्यावं लागतं. भारतीय पुरुष संघाचे एकदिवसीय आणि टी-२० सामने त्या यादीत आहेत. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की हे प्रक्षेपण दूरदर्शनच्या जमिनीवरच्या मनोऱ्यांपुरतं आणि फ्री डिशपुरतंच चालेल, केबल आणि खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनला ते मिळणार नाही. मनोरे तर आता जवळजवळ बंदच झाले. म्हणजे महिन्याला पैसे भरणाऱ्या केबलच्या घरात डीडी स्पोर्ट्सवर मॅच दिसत नाही, आणि एक पैसाही न भरणाऱ्या फ्री डिशच्या घरात दिसते. आयपीएल या यादीत नाही.

मॅच चालू असताना शेजारचा मुलगा मोबाइलवर तीच मॅच बघत होता. आमच्याकडे विकेट पडायची आणि त्याची आरोळी बऱ्याच वेळाने यायची. उपग्रहाची वाट ३६ हजार किलोमीटर वर आणि तितकीच खाली, तरी त्याला पाव सेकंदच लागतो. ॲपवर तेच चित्र तुकड्यातुकड्यांनी साठवून पुढे ढकललं जातं, म्हणून तीस-चाळीस सेकंद सहज मागे पडतं.

१६ फेब्रुवारी

परवा, १४ तारखेला, जिओसिनेमा आणि डिस्ने प्लस हॉटस्टार ही दोन ॲप एक होऊन जिओहॉटस्टार झालं. कंपन्या नोव्हेंबरातच एकत्र झाल्या होत्या. आत्यांच्या दृष्टीने चांगलं झालं: स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी एका छपराखाली आले. फेब्रुवारी २०२५ चे दर असे: नुसत्या मोबाइलसाठी तीन महिन्यांना १४९; टीव्हीवर चालणारा, दोन उपकरणांचा, जाहिरातींसह "सुपर" तीन महिन्यांना २९९, वर्षाला ८९९. झी मराठीसाठी झी५ वेगळं. सोनी मराठी बघणाऱ्यांना सोनीलिव्ह आणखी वेगळं. तिन्ही घेतली तर आपण केबलचाच खर्च दुसऱ्या दाराने आत आणतो. म्हणून एका वेळी एकच पैशाचं ॲप कायम ठेवायचं आणि दुसरं लागेल त्या महिन्यापुरतं घ्यायचं असं ठरवलं.

फुकटातही बरंच आहे. मराठी न्यूज चॅनलं यूट्यूबवर दिवसभर थेट चालू असतात. प्रसार भारतीचं वेव्हज ॲप गेल्या २० नोव्हेंबरला गोव्यात इफ्फी या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात सुरू झालं. त्यावर दूरदर्शनच्या वाहिन्या थेट दिसतात आणि जुन्या संग्रहातलंही मिळतं. मी आणि लेक मोबाइलवर ते बघतो. घराबाहेर असताना सह्याद्री लावायचं झालं तर याहून सोपी वाट नाही.

१ मार्च

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो आत्यांच्या भागाने, आणि तो जाणं रास्तच आहे. केबलवर त्यांना एक आकडा पाठ होता. ॲपवर मालिकेपर्यंत पोचायला आधी होम स्क्रीन, मग ॲप, मग "कोण बघतंय?", मग शोधा, मग कालचा की आजचा भाग. प्रत्येक पायरीवर काहीतरी वेगळंच उघडायची शक्यता. वर दर थोड्या दिवसांनी ॲप लॉगआउट होऊन ओटीपी मागणार, आणि तो येणार माझ्या फोनवर, मी कामात असताना.

केलेले बदल असे. खाती मामांच्या मोबाइल क्रमांकावर नोंदवली, तो फोन घरातून हलत नाही. ॲपमध्ये प्रोफाइल एकच ठेवलं म्हणजे कोण बघतंय हे विचारलंच जात नाही. होम स्क्रीनच्या पहिल्या ओळीत डावीकडून तीनच ॲप ठेवली आणि त्यांचे रंग आत्यांना दाखवले. मालिका "वॉचलिस्ट"मध्ये टाकल्या, त्यामुळे शोधायचं काम उरलं नाही. रिमोटवरचं माइकचं बटण दाबून मराठीत मालिकेचं नाव घेतलं तर बहुतेक वेळा सापडते. हे त्यांना फार आवडलं, आता त्या टीव्हीशी ठणकावून बोलतात.

एक गोष्ट मात्र त्यांनी ठामपणे सांगितली. "अगं, कधीही बघ म्हणतेस, पण मला आठालाच बघायचीय. नऊला माझ्या बहिणीचा फोन येतो, तिनं बघितलेली आणि मी नाही असं नको व्हायला." मला आधी वाटलं होतं की हवं तेव्हा बघता येणं ही ॲपची सर्वात मोठी सोय आहे. आत्यांना वेळ ठरलेली हवी, कारण त्या वेळेभोवती त्यांची संध्याकाळ बांधलेली आहे. मग आम्ही नीट बघितलं की कुठल्या मालिकेचा भाग ॲपवर किती वाजता येतो आणि थेट चॅनल कुठल्या प्लॅनमध्ये मिळतं, आणि त्यावरूनच प्लॅन निवडला. दर बघून निवडला असता तर आत्यांचा आठचा कार्यक्रम हुकला असता.

यातून एक जुनी कटकट मात्र संपली. पूर्वी सातच्या बातम्या आणि मालिका यांवरून हॉलमध्ये रोज रस्सीखेच व्हायची. आता मामा त्यांच्या खोलीत, आत्या हॉलमध्ये.

२३ मार्च

आयपीएल काल सुरू झालं. २०२३ आणि २०२४ मध्ये ते जिओसिनेमावर मोफत होतं, यंदा थोडा वेळ दाखवून पैसे मागतात. मोबाइलच्या काही रिचार्जबरोबर तीन महिने मिळतंय, माझ्या रिचार्जवर ते आलं. त्यामुळे ८९९ चा वर्षाचा प्लॅन आत्ता घ्यायची घाई नाही, तो जूनमध्ये बघू. अशा सवलती वहीत तारखेसह लिहून ठेवायच्या, नाहीतर मुदत संपते आणि बरोबर मॅचच्या दिवशी पडदा कोरा होतो.

३१ मार्च

काल पाडवा झाला. आज केबलचा पॅक संपला आणि पुढचा भरला नाही. केबलचालकांना आधीच सांगून ठेवलं होतं. कित्येक वर्षांची ओळख, सणाला फराळ एकमेकांकडे जातो. दोन्ही बॉक्स, अडॅप्टर, रिमोट पिशवीत घालून दुकानात नेऊन दिले आणि परत केल्याचं लिहून घेतलं. हे लेखी घ्यायलाच हवं. आमच्या एका नातेवाइकांच्या गावी जमा केलेल्या बॉक्सचे पैसे पुढे त्यांच्याकडेच मागण्यात आले होते.

ते म्हणाले, "वहिनी, इंटरनेट तरी आमच्याकडून घ्या." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांचाही धंदा आता केबलकडून फायबरकडे सरकतोय. खांबांवरच्या वायरी त्यांच्याच, गल्ली-गल्लीची माहिती त्यांचीच आणि तक्रार केली की तासाभरात माणूस दारात, हे मोठ्या कंपन्यांना जमत नाही. ब्रॉडबँडची मुदत संपेल तेव्हा त्यांचा दर आधी बघणार आहे.

१ एप्रिल

फ्री डिशच्या वर्षभराच्या जागा आजपासून बदलतात. काही चॅनलं गेली, काही नवी आली, क्रमांक हलले. दोन्ही टीव्हींवर पुन्हा स्कॅन आणि मामांचा पुठ्ठा नव्याने लिहिला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हे काम ठरलेलंच, कॅलेंडरवर लिहून टाकलं. एकदा २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी आपली मोफत हिंदी मनोरंजन चॅनलं एकाच वेळी फ्री डिशवरून काढून घेतली होती. फुकट मिळणारी गोष्ट दर वर्षी तीच राहील असं धरून चालू नये.

१९ एप्रिल

हॉलमध्ये चित्र अडखळत होतं. आमचा प्लॅन ३० एमबीपीएसचा, ३९९ अधिक कर. एचडीला ५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा दोष प्लॅनचा नव्हता. राउटर आतल्या खोलीत, मध्ये दोन विटांच्या भिंती आणि लोखंडी कपाट. राउटर जागचा न हलवता तिथून टीव्हीपर्यंत सरळ लॅन केबल ओढली आणि प्रश्न मिटला. वेगवान प्लॅन विकायला फोन येतात, त्याआधी हे करून बघावं. एचडीला तासाला साधारण ३ जीबी जातात. घरच्या ब्रॉडबँडवर त्याचं काही वाटत नाही, पण मोबाइलच्या रोजच्या दीड जीबीवर हा बेत जमणार नाही.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर टीव्ही चालतो पण राउटर बंद पडायचा. त्याला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. फायबरच तुटली तर इलाज नाही, तेव्हा आत्याही मामांच्या खोलीत जाऊन बसतात.

२७ मे

डिशच्या परीक्षेचा आठवडा. मे महिन्यातच पावसाने झोडपलं, २४ ला मान्सून केरळात आणि काल २६ ला मुंबईत, तिथे १९५० पासून इतक्या लवकर कधी आला नव्हता. इथेही काळ्या ढगांची भिंत आली की दहा-पंधरा मिनिटं चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं, मग सर ओसरली की परत येतं. फ्री डिश केयू (Ku) बँड या लहरींच्या पट्ट्यावर चालते, लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास, जोराच्या सरीतले थेंब त्या शोषतात आणि विखुरतात. केबल पावसात एवढी जात नसे, कारण चॅनलं केबलवाल्यांच्या मोठ्या छत्र्यांना सी बँडवर मिळतात, त्या लहरी तिपटीने लांब, त्यांना पावसाचं फारसं काही वाटत नाही. मामांना हे पटलं. ते अशा वेळी ट्रान्झिस्टर लावतात.

गल्लीतल्या दुसऱ्या घरची फ्री डिश मात्र साध्या पावसातही बंद पडत होती. वर जाऊन बघितलं: नेम थोडा ढळलेला आणि एलएनबीच्या कनेक्टरमध्ये पाणी. कनेक्टर काढल्यावर आतली तांब्याची तार हिरवी पडलेली. वायर एलएनबीपासून सरळ भिंतीकडे ताणलेली होती, पाणी तिच्यावरून वाहत थेट आत शिरत होतं. नवा कनेक्टर लावताना बाहेरच्या जाळीची एकही तार मधल्या तारेला टेकणार नाही हे बघितलं, वर पाणी न जाऊ देणारी रबरी टेप ताणून गुंडाळली आणि वायरला खाली झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी जमून तिथूनच गळेल. आमच्या वायरीला असा झोळ जानेवारीतच दिला होता.

६ जुलै, आषाढी एकादशी

पंढरपूरची शासकीय महापूजा सह्याद्रीवर थेट. आत्या पहाटेआधीच उठल्या होत्या. हॉलचा टीव्ही लावला तर बाकीचे उठतील म्हणून त्या मामांच्या खोलीत गेल्या, भिंतीवरचं बटण दाबलं, रिमोटवर पुठ्ठ्यावरचा पहिला आकडा दाबला आणि पूजा सुरू असताना बसल्या. मला हे सकाळी चहाच्या वेळी कळलं. वहीच्या पहिल्या पानावरच्या अटीपुढे आज टिक केली.

१३ जुलै, रविवार

हिशेब. डिशचे बावीसशे एकदाच. जिओहॉटस्टार वर्षाचं ८९९, जूनअखेरीस घेतलं. झी५ मधून मधून. केबलचे वर्षाचे सात हजारांच्या वर जात होते, ते थांबले. मात्र आमच्याकडे ब्रॉडबँड माझ्या कामासाठी आधीपासूनच होतं, म्हणून तो खर्च यात धरला नाही. ज्यांना केवळ टीव्हीसाठी ते नव्याने घ्यावं लागेल त्यांचे करासह महिन्याला ४७० रुपये तिकडे जातील आणि बचत फारशी उरणार नाही. त्यांनी नुसती फ्री डिश घ्यावी आणि मालिका मोबाइलवर बघाव्यात, किंवा मालिका जिवाभावाच्या असतील तर केबल ठेवावी.

उंब्रजला नणंदेच्या घरी ब्रॉडबँड नाही आणि त्यांना बातम्या, सिनेमे आणि क्रिकेट एवढंच हवंय. पुढच्या रविवारी तिथे डिश लावायची. त्यांच्याकडे पत्र्याचं छप्पर आहे, थाळी पत्र्यावर बसवली तर वाऱ्याने थरथरेल, म्हणून भिंतीला बसणारा एल आकाराचा ब्रॅकेट आणि १० मिलिमीटरचे अँकर बोल्ट घ्यायचे. थाळी ७५ सेंटिमीटरची, पाऊस तिथे अजून तीन महिने आहे. वायर १५ मीटर, कनेक्टर चार, रबरी टेप, चिकटपट्टी आणि पुठ्ठा.